हळद पिणारं घराणं

माणसाच्या कातडीलाही तहान लागते, हे हल्लीच्या पोरांना क्रीमच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून कळतं. आम्हाला ते त्र्याहत्तर सालीच कळलं होतं, आणि तेही भर लग्नात.

गोष्ट जामखेडकडची. आदल्या वर्षी पाऊस आमच्या वाटेला फिरकला नव्हता, म्हणून त्या उन्हाळ्यात सगळी वाडी दुष्काळी कामावर होती. बाप्यांनी रस्त्यासाठी खडी फोडायची, बायांनी पाट्या वाहायच्या. माझ्या शेजारी बसायचा गहिनीनाथ. तरणाताठा गडी, हाडापेरानं मजबूत, स्वभावानं गाय. खोट एकच. कातडी. दुष्काळ रानाला पडला होता तसा त्याच्या गालालाही पडला होता. एकदा एक मुंगळा त्याच्या हनुवटीवर चढला तो वाट चुकून दोन दिवस भेगांतून हिंडत होता.

कामावर काडेपेटी आणायची आम्ही सोडूनच दिली होती. सुट्या काड्या खिशात टाकायच्या, बिडी तोंडात धरायची आणि काडी गहिनीच्या गालावर ओढायची. फुर्र! तोही बिचारा न सांगता गाल पुढं करायचा. छगन न्हावी त्याची दाढी करायला बसला की आधी स्वतःचं पागोटं उतरवून लांब ठेवायचा, ठिणगी पडेल म्हणून. एका दुपारी तर गहिनी पालथा झोपला असताना मुकादमानं त्याच्या पाठीवर चुन्याची रेघ मारली. रस्ता इथवर झाला, असं त्याला वाटलं. छगन असता तर त्यानं साक्ष दिली असती, पण तो आता नाही. त्याचा वस्तरा नातवाकडं आहे. त्याची धार बघा, करवतीसारखी दिसेल.

यात देवाचा काही दोष नव्हता. गहिनी तोंड धुवायचा ते कपड्याच्या साबणाच्या वडीनं. मग पायाच्या टाचा घासायची वजरी घेऊन गाल घासायचा, आणि उन्हात तापलेल्या दगडावर तोंड करून वाळवायचा. आम्हा सगळ्यांचीच तऱ्हा तशी. बाप्यानं तेल लावावं ते मिशीला, नाहीतर बैलगाडीच्या आसाला. गालाला तेल म्हणजे तमाशातल्या नाच्याचं काम, अशी आमची समजूत.

पण गहिनीच्या घरात ही कातडी वडिलोपार्जित होती, आणि तिच्यापायी एक भलतंच प्रकरण होऊन गेलं होतं.

आमच्यात लग्नाला हळद आधी नवऱ्याला लागते. त्याच्या अंगाला लावून उरलेली ती उष्टी हळद. ती वाजतगाजत नवरीकडं जाते आणि मगच नवरी पिवळी होते. तर गहिनीचा थोरला भाऊ कानिफनाथ याच्या लग्नात बायांनी त्याच्या पाठीवर हळदीचा पहिला हात ओढला, आणि तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्र आवाज झाला. हळद गायब! दुसरा हात, गायब. सबंध परात संपली, शेजारणींच्या डब्यातली संपली, आणि कानिफनाथ आपला कोराच्या कोरा, आणखी मागतोय अशा चेहऱ्यानं बसलेला. उष्टी म्हणून उरलं काय, तर परातीचा पिवळा काठ. नवरी झुंबरबाई, तिला हळद मिळालीच नाही. मुहूर्त टळेल म्हणून ती तशीच बोहल्यावर चढली, आणि पुढं भांडण कशावरूनही निघो, ते तिथंच येऊन संपायचं.

"माझी हळद पिऊन बसलाय ह्यो मानूस," ती म्हणायची. "एक घोट मला ठिवला न्हाई."

कानिफनाथ तेवढ्यात उठून गोठ्यात जायचा.

आता गहिनीचं जमलं होतं शेजारच्याच गावच्या मनकर्णेशी. तीही आमच्याच कामावर पाट्या वाहायची. डोक्यावर खडी घेऊन आमच्या रांगेपुढून जाताना गहिनीपाशी तिची चाल जरा मंद व्हायची, एवढं आम्ही सगळ्यांनी बघून ठेवलं होतं. गहिनीचं म्हणाल तर, ती पुढून गेली की त्याची हातोडी दगडाऐवजी अंगठ्यावर पडायची. पण तिची आई मुक्ताबाई म्हणजे कडक बाई. ती कानिफनाथाच्या लग्नाला जातीनं हजर होती, आणि तो चर्र आवाज तिच्या कानातून गेला नव्हता.

सुपारी फोडायच्या दिवशी तिनं गहिनीच्या गालाकडं बघितलं, मग कानिफनाथाच्या, आणि सरळ सांगितलं, "पोरगा चांगला हाय. पर माझी लेक बिनहळदीची उभी ऱ्हानार न्हाई. उष्टी हळद वाटी भरून आली तर लगीन. न्हाई आली तर तुमी तुमच्या गावाला, आमी आमच्या."

"भरून येईल की," कानिफनाथ म्हणाला.

"तुमी बोलूच नगासा, पाव्हनं. तुमच्या पाठीनं काय केलं ते म्या बघितलंय."

घरी आल्यावर गहिनी कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसला. "वैनी, मला दुसरी नगं," एवढंच म्हणाला. आई नव्हती त्याला. त्याचं सगळं करायची ती झुंबरबाईच.

झुंबरबाईनं पदर खोचला. "उठा भावजी. लगीन व्हायचं आसंल तर आजपासनं मी सांगल तसं. पयली ती वजरी हिकडं द्या. गाल हाय का टाच?"

"मळ निघाया नगं का वैनी?"

"मळ कवाच निघाला. आता तुमी निघाया लागलाय!"

कपड्याची वडी तिनं न्हाणीच्या फटीत लपवली. त्या दिवसांत पाणी टँकरचं, हंड्याहंड्याला भांडण. पण तांब्याभर पाणी ती रोज कोमट करून गहिनीपुढं ठेवायची, त्यात चिमूटभर डाळीचं पीठ कालवलेलं. त्यानं तोंड हलक्या हातानं धुवायचं. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायचं, घासून पुसायचं नाही. कातडी जरा ओलसर असतानाच दोन बोटं तेल चोळायचं, आणि वर राहील ते फडक्यानं टिपून घ्यायचं. छगनला तिनं निरोप धाडला, की भावजींची दाढी आधी भिजव आणि मग वस्तरा लाव, सुकं रान नांगरू नको. आणि कामावर बसताना उपरणं नाकावरून बांधायचं, डोळे तेवढे उघडे.

तेल साधं नव्हतं. झुंबरबाईचा भाऊ राजूरला जंगलखात्यात रखवालदार. तो तिथल्या बाजारातून खुरासणीच्या तेलाचा डबा घेऊन आला होता. खुरासणी म्हणजे काळं बारीक बी, तिकडं डोंगराला पिकतं. आमच्याकडं करडईचं तेल. त्यामुळं असला वास आमच्या नाकांनी कधी घेतलाच नव्हता. भाजल्या दाण्यासारखा, थोडा रानासारखा. गहिनी कामावर यायच्या आधी त्याचा वास यायचा, आणि तो गेल्यावर मागं राहायचा.

पहिल्या दिवशी उपरणं बांधून तो आला तेव्हा आम्ही हातोड्या टाकून हसलो.

"आली रं, नवरीबाई आली!"

"घुंगट वर करा की वहिनीसाहेब, मुखडा तरी बघू द्या!"

"आरं जपून, ऊन लागंल तिला!"

गहिनी मान खाली घालून खडी फोडत राहिला. रोज हसलो. आठवडाभर हसलो. मग एका सकाळी मी बिडी तोंडात धरून काडी त्याच्या गालावर ओढली, आणि काही झालं नाही. पुन्हा ओढली. काडी लोण्यातून जावी तशी घसरत गेली. बाकीच्यांनीही ओढून पाहिल्या. सबंध टोळी बिडीवाचून बसली! त्या दिवशी काडेपेटी आणायला माणूस जामखेडला पाठवावा लागला, आणि मुकादमाला कारण काय सांगावं हे कुणाला सुचेना.

तेव्हापासून हसणं थांबलं. उलट संध्याकाळी एकेकजण झुंबरबाईच्या दाराशी काहीतरी निमित्तानं घुटमळायला लागला. एकाला विळा उसना हवा होता, एकाला शेळी इकडं आली का ते बघायचं होतं. मी गेलो तो फक्त वास कसला आहे ते बघायला. आता वास बघताना थोडं तेल गालाला लागलं, तर त्याला मी काय करणार?

"डबा भावजींच्या लग्नाचा हाय," झुंबरबाई हात हलवून आम्हाला हाकलायची. "तुमाला कोन हळद लावनार हाय, मेल्यांनो?"

एकदा कामावर दुपारच्या सुट्टीत मनकर्णा पाटी उतरवून झुंबरबाईपाशी टेकली. पोरीच्या हातांवर खडीनं चरे पडले होते, ओठ फुटले होते. "झुंबरताई," तिनं बारीक आवाजात विचारलं, "ह्यो वास कशाचा वं?"

"कुनाच्या आंगाचा म्हनतीस?"

मनकर्णा लाजली आणि पाटी उचलून पळाली. झुंबरबाईनं तिला मागून हाक मारून सांगितलं, "खुरासनीचा! लगीन झाल्यावर तुलाबी दीन!"

लग्नाची तारीख जवळ आली. गहिनीचा गाल आता असा झाला होता, की त्याच्यावर बसलेली माशी पाय घसरून पडायची. झुंबरबाईनं आदल्या दिवशी त्याला बजावलं, "आता बास. उद्या हळदीच्या दिशी तेलाचं बोट लावायचं न्हाई. कातडी निवलीय. हळद बेतानं घील, बाकीची सोडंल."

लग्न मनकर्णेच्या गावी. वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलं, मुहूर्त गोरजाचा. पण गहिनीला धीर धरवेना. सकाळी बाया आवरत होत्या तेव्हा तो देवळामागं गेला. त्यानं विचार काय केला? थोड्या तेलानं एवढा फरक पडला, मग आज धोका कशाला घ्या? कातडीला आजही तहान लागली तर? त्यानं डबा उघडला, आणि उरलेलं सगळं तेल पाठीला, पोटाला, दंडाला, मानेला, पायाच्या बोटांपर्यंत चोपडलं. टिपणं-बिपणं नाही. डब्याचं बूड बोटानं पुसून तेही कानामागं लावलं. मग येऊन शहाण्यासारखा पाटावर बसला.

बायांनी गाणं धरलं. झुंबरबाईनं हळदीचा पहिला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. चर्र झालं नाही. सट्ट झालं. हळद खांद्यावरून निघाली ती दंडावर थांबली नाही, कोपरावर थांबली नाही, खालच्या परातीत जाऊन पडली. दुसरा हात पाठीवर, तोही सरळ खाली. गालावरची हनुवटीवरून, कपाळावरची नाकावरून. बाया लावतायत, हळद उतरतेय. पन्हाळीचं पाणी पडावं तशी परात भरायला लागली. शपथेवर सांगतो, बायांनी जेवढी लावली त्याहून जास्त खाली जमली. कशी, ते मला विचारू नका. मी परात बघत होतो, हिशोब नव्हतो करत.

"भावजी," झुंबरबाई त्याच्या कानाशी वाकून दात आवळून म्हणाली, "तेल लावलं?"

"थोडंसं."

"डबा कुठं हाय?"

गहिनीनं देवळामागं बोट दाखवलं.

पण उष्टी हळद भरपूर होती, आणि अट तर वाटी भरायचीच होती. झुंबरबाईनं शीग लावून वाटी भरली, आणि वाजंत्री पुढं घालून नवरीकडं गेली. मीही गेलो, वाजंत्र्याच्या मागं. मुक्ताबाईनं दारातच वाटी बघितली आणि तिचे डोळे बारीक झाले. "येवढी?"

"तुमीच म्हनला हुता, भरून पायजे."

"ही कोरी हळद हाय," मुक्ताबाई म्हणाली. "त्या घरान्यातल्या पाठीवरनं येवढी माघारी येत नसती. परातीतनं काढून सरळ हिकडं आनली तुमी. माझ्या लेकीला कोरी हळद?"

वाटी तिनं ओसरीवर मनकर्णेपुढं ठेवली, आणि पाचसात बाया घेऊन तडक देवळात आली. गहिनी पाटावर बसलेला. अंगावर पिवळेपणाचा ठिपका नाही. घासून ठेवलेल्या पितळी समईसारखा लखलखत होता नुसता. मुक्ताबाईला त्याच्या छातीत स्वतःचं तोंड दिसलं, नथीसकट.

"बघा!" ती कडाडली. "हळद लागलीच न्हाई ह्याला!"

"लावली की हो इहीनबाई," झुंबरबाई म्हणाली. "धरत न्हाई, त्याला काय करू? तुमच्या हातानं लावून बघा."

मुक्ताबाईनं मूठभर हळद घेतली आणि गहिनीच्या खांद्यावर अशी थापली, की बैल असता तर बसला असता. हात खांद्यावरून घसरला, कोपरावरून सुटला, आणि हाताच्या मागोमाग मुक्ताबाई निघाली. दोघीतिघींनी धरली म्हणून बरं. नाहीतर ती घसरत घसरत थेट जामखेडच्या एस. टी. स्टँडवर उतरली असती.

हळद निसटते हे तिला पटलं. पण बाई हटणारी नव्हती. पदर सावरून म्हणाली, "आसंल. पर आंगानं धरली न्हाई ती उष्टी कशी? ताटावरनं वाहत गेलेलं जेवन कुनी उष्टं म्हनतं का?"

झालं. देवळाच्या कट्ट्यावरची म्हातारी माणसं याच संधीची वाट बघत होती. एकजण म्हणाला, शिवली की उष्टी. दुसरा म्हणाला, मुरली की उष्टी. वाजंत्रीवाले सनया मांडीवर ठेवून ऐकत बसले. शेवटी सगळ्यांनी नृसिंह भटजींकडं बघितलं. भटजी चष्मा पुसत म्हणाले, "हळद लागली आणि हळद लागली नाही, असे दोन प्रकार मला ठाऊक आहेत. लागून निसटली, हा तिसरा प्रकार मी आजच पाहतोय. मुहूर्त मात्र माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो थांबत नाही."

गहिनी मान खाली घालून बसला होता. त्याच्या पापण्यांवरून काहीतरी टपकलं. आम्हाला वाटलं तेल असेल. तेल नव्हतं.

"लगीन ऱ्हाऊ द्या," मुक्ताबाई शेवटचं बोलली आणि लेकीला सांगायला घराकडं वळली. तिच्यामागं झुंबरबाई, झुंबरबाईमागं सगळं गाव.

ओसरीवर मनकर्णा बसली होती. कोपरापर्यंत पिवळी.

"आगं, कुनी लावली?" मुक्ताबाई ओरडली.

"मीच."

"कोरी हाय ती, कारटे!"

"उष्टीच हाय, आये." मनकर्णेनं वाटी उचलून आईच्या नाकाशी धरली. "वास घे. ह्यो खुरासनीचा वास हाय. सगळ्या कामावर ह्यो वास एकाच मानसाला येतो. त्यांच्या आंगाला लागून आल्याबिगर ह्यो हळदीत कुठनं आला?"

मुक्ताबाईनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग नाकापासून वाटी बाजूला सारत म्हणाली, "पर तुला गं कसा म्हाईत त्यांचा वास?"

मग मागून कुणीतरी बाई खुदकन हसली, आणि हसणं फटाक्यांची माळ पेटावी तसं दारापर्यंत आलं. मनकर्णेनं मान एवढी खाली घातली की नाकाच्या शेंड्याला हळद लागली.

तेवढ्यात एका काकूचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. "आगं बया, बघा तरी!"

पोरीचे उन्हानं करपलेले हात, चार महिने खडी वाहिलेले. मघा लावलेली ती तेलात कालवलेली हळद पार आत गेली होती, आणि नवी टिकतच नव्हती. लावली की जिरत होती. चर्र असा बारीक आवाज मी स्वतः ऐकला. चरे बुजत होते, कातडी मऊ पडत होती. बाया लावत गेल्या आणि ती पीत गेली. शीग लावून आणलेली वाटी बघता बघता तळाला गेली.

मुक्ताबाईनं कपाळावर हात मारला, पण तोंड हसत होतं. "घ्या! आता ही त्याच घरान्यातली झाली. न्या बाई, न्या तुमची सून. वाजवा रं!"

वाटीच्या तळाला बोटभर हळद उरली होती. मनकर्णेनं ती झुंबरबाईच्या हातात ठेवली. "त्यांना द्या. त्यांना लागली न्हाई."

नवरीची उष्टी हळद नवऱ्याला! आमच्या भागात असं कधी झालं नव्हतं. भटजींनी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. झुंबरबाईनं देवळात येऊन गहिनीला डाळीच्या पिठानं खसखसून पुसला, तेल पार काढलं, आणि ते एक बोट त्याच्या गालावर ओढलं. ते निसटलं नाही, प्यायलं गेलं नाही. तिथंच राहिलं, सोन्याच्या चकतीसारखं. तसाच तो बोहल्यावर उभा राहिला, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा मनकर्णेनं आधी त्याचा गाल बघितला आणि मग बाकीचा नवरा.

जेवणं झाल्यावर मी देवळात माझी पिशवी घ्यायला गेलो. हळदीची ती परात तिथंच पडली होती, काठोकाठ. तिच्यापाशी झुंबरबाई पाय पसरून बसली होती, दमलेली. कानिफनाथ आला. इकडं तिकडं बघितलं. खांबाआड मी होतो, ते त्याला दिसलं नाही. त्यानं परातीतनं मूठभर हळद घेतली आणि बायकोच्या दोन्ही गालांना लावली.

"ह्ये काय वं?" ती म्हणाली.

"तुजी ऱ्हायली हुती."

झुंबरबाईनं आपले हात पुढं केले, तळवे, मनगटं, कोपरापर्यंत. "नीट लावा," ती म्हणाली. "आनि तुमचा हात जरा लांबच ठिवा, न्हाईतर पुन्यांदा तुमीच पिऊन टाकाल."